ऑपरेशनच्या रात्री बीपी उतरलं तर काय पाहायचं? आईचा अनुभव आणि काही प्रश्न

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझी आई ७४ वर्षांची, कराडला असते. गेल्या मंगळवारी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी दुपारी २ वाजता पाठीत भूल देऊन रॉड टाकला. ४ वाजता बाहेर आणलं तेव्हा शुद्धीत होती, मला "तू जेवलीस का?" म्हणून विचारलं. टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल ५० या बीपीच्या दोन गोळ्या ती १२ वर्षं घेतेय. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर मीच दिल्या. द्यायच्या की नाही ते कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

रात्री ९ ला बीपी १०४/६० होतं. ११ ला ९८/५६. सिस्टर म्हणाल्या, "ऑपरेशननंतर एवढं उतरतंच, नाडी ७४ आहे, काळजी करू नका." ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी फोनवर सलाईन जरा जोरात सोडायला सांगितलं. १ वाजता ९२/५०, नाडी तीच, ७४.

मी घरी आईचं बीपी दर रविवारी मोजते, वहीत लिहून ठेवते. तिचं बीपी १४८/८० च्या आसपास असतं, गोळ्या घेऊनही. त्यामुळे ९८ ऐकल्यापासूनच पोटात खड्डा पडला होता. आणि मग माझं लक्ष खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे गेलं. १० वाजता मावशींनी लाइट लावला तेव्हा ती ३५० च्या रेघेवर होती. १ वाजता ३७०. तीन तासांत फक्त २० मिली, तीही चहासारखी गडद. आई "पाणी दे, पाणी दे" म्हणत होती आणि मधेच डोळे मिटत होती. तळपाय हातात घेतला तर फरशीसारखा गार.

मी सिस्टरना पिशवी दाखवली आणि म्हटलं, डॉक्टरांना प्रत्यक्ष बोलवा, मी इथून हलणार नाही. पंधरा मिनिटांत तरुण डॉक्टर आले. त्यांनी मात्र क्षणभरही टाळाटाळ केली नाही. पट्टी उघडून बघितली, वरून कोरडी होती, पण मांडी टणक आणि दुसऱ्या मांडीपेक्षा जाड झाली होती. ईसीजी काढला, रक्त पाठवलं, २५० मिली सलाईन भराभर देऊन समोर उभे राहिले. बीपी १०४ वर गेलं आणि अर्ध्या तासात परत ९४. हिमोग्लोबिन आलं ७.४, ऑपरेशनआधी १०.८ होतं. ४ वाजता रक्ताची पहिली पिशवी लागली, नंतर दुसरी. सकाळी ७ ला ११८/६४ आणि पिशवीत स्वच्छ लघवी दिसायला लागली तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले.

काल आईला घरी आणलं. बरी आहे, वॉकर धरून चार पावलं टाकते. पण माझ्या डोक्यातून तीन गोष्टी जात नाहीत. ९८ ला सगळे "ठीक" का म्हणत होते? एवढं रक्त गेलं तर नाडी का वाढली नाही? आणि सकाळी गोळ्या देऊन मीच हे ओढवून घेतलं का?

जाणकारांनी कृपया लिहा. पुढच्या महिन्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, तेव्हा तरी मला कळायला हवं.


शेवंता_मिरज | मंगळवार, रात्री ९:४५

बाई गं, वाचता वाचता अंगावर काटा आला. रात्रभर जागी राहिलीस म्हणून आई वाचली. तिला माझा नमस्कार सांग.


भूलतज्ज्ञ_सोलापूर | मंगळवार, रात्री ११:३०

ताई, आईंना मी तपासलेलं नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून जेवढं बोलता येतं तेवढंच बोलतो. वीस वर्षं भूल देतोय, त्यामुळे हा प्रसंग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

तुमचा पहिला प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. वरचं बीपी ९० च्या खाली म्हणजे लो, असं आपण सगळे पाठ करतो. पण अवयवांपर्यंत रक्त पोचतं ते सरासरी दाबावर. तो घरी काढता येतो: वरच्या आणि खालच्या आकड्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा. आईंचं नेहमीचं १४८/८०, म्हणजे सरासरी १०३. रात्री ११ चं ९८/५६, म्हणजे ७०. पुस्तकात ६५ ही सर्वसाधारण खालची हद्द धरतात, त्या हिशेबात ७० पास होतं. पण आईंच्या मूत्रपिंडांना १२ वर्षं १०३ ची सवय. त्यांच्यासाठी दाब एक तृतीयांशाने उतरला होता. १ वाजता तर ६४. म्हणून ऑपरेशननंतरचा आकडा नेहमी त्या माणसाच्या स्वतःच्या आकड्याशी ताडून बघायचा. तुमची रविवारची वही आईंच्या उशाशी असती तर ११ वाजताच डॉक्टर वर आले असते, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न नाडीचा. रक्त कमी पडलं की हृदय जोरात धावून भरपाई करतं. मेटोप्रोलॉल नेमकं तेच धावणं रोखतं. त्यामुळे ही किंवा या जातीची गोळी घेणाऱ्याची नाडी ७४ असली तरी तिने धीर मिळत नाही. पेशंट या गोळीवर आहे का, हे नाडी मोजणाऱ्याला माहीत असायला हवं.

आता "भुलीमुळे बीपी उतरतंच" याबद्दल. पाठीतल्या भुलीने रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात, वाहिन्या सैलावतात आणि बीपी पडतं, हे खरं. पण तो परिणाम काही तासांचा. दुपारी २ ला दिलेल्या भुलीकडे रात्री ११ ला बोट दाखवता येत नाही. आई तोवर पाय हलवायला लागल्या असतील. पाय पूर्ण हलताहेत आणि बीपी मात्र खाली जातंय, तेव्हा भूल सोडून दुसरं कारण शोधायला लागायचं.

मी अशा पेशंटपाशी गेलो की मॉनिटरच्या आधी तळपाय धरतो, तुम्ही नकळत तेच केलंत. पाय उबदार आणि बीपी कमी असेल तर वाहिन्या सैल झाल्यात: भूल, दुखण्याचं औषध, पाठीत चालू ठेवलेली एपिड्यूरल (बारीक नळीतून सोडत राहिलेलं भुलीचं औषध), औषधाची ॲलर्जी, किंवा दोनतीन दिवसांनी जंतुसंसर्ग. पाय गार असेल तर एक तर रक्त-पाणी कमी पडलंय नाहीतर हृदयाचा जोर कमी पडलाय. या दोघांत फरक करायला मानेतल्या शिरा बघायच्या. पाठ थोडी उंच करून निजवल्यावर शिरा रिकाम्या, चपट्या असतील तर आत द्रव कमी. फुगलेल्या असतील तर हृदय थकलंय किंवा वाटेत काही अडकलंय, उदाहरणार्थ पायातली गुठळी फुप्फुसात गेली. सोनोग्राफीचं मशीन असेल तर हृदय आणि पोटातली मोठी शीर दोन मिनिटांत दिसते. पण हात आणि डोळे आधी.

खुब्याचं हाड सांध्याच्या बाहेरच्या बाजूला मोडलं असेल तर मांडीच्या स्नायूंत बरंच रक्त साचतं, पट्टीवर थेंब दिसत नाही. त्या तरुण डॉक्टरांनी मांडी चाचपली, हे फार चांगलं केलं. हिमोग्लोबिनबद्दल एक सावधगिरी. रक्त जातं तेव्हा पेशी आणि पाणी एकत्रच जातात, त्यामुळे पहिल्या तासा-दोन तासांत आकडा बरा दिसू शकतो. शरीर किंवा सलाईन ती जागा पाण्याने भरतं तेव्हा तो घसरतो. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून रक्तस्राव नाही असं ठरवायचं नसतं, काही तासांनी पुन्हा बघायचं असतं.

तिसरा प्रश्न उद्या. त्याला घाईत उत्तर द्यायचं नाही.


रानवारा | बुधवार, सकाळी ७:५०

मला वाटतं आपण फार घाबरवतोय. माझी स्वतःची दोन ऑपरेशनं झाली. दोन्ही वेळा बीपी ९० ला आलं, दोन बाटल्या चढवल्या आणि सकाळी मी चहा पीत होतो. बहुतेकांचं असंच होत असणार. प्रत्येक नातेवाईक रात्री १ वाजता डॉक्टरांना बोलवायला लागला तर कसं चालेल?


पारवा_नाशिक | बुधवार, सकाळी ९:१५

रानवारा, तुमचं भलं झालं याचा आनंद आहे. पण "दोन बाटल्या" हे सगळ्यांचं उत्तर नाही, हे आम्ही भोगलंय.

बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन, वय ६८, २२ वर्षांचा मधुमेह. त्या रात्री बीपी ८६. छातीत दुखत नव्हतं. नुसता घाम, कपाळावर मोत्यासारखे थेंब, आणि "मळमळतंय" एवढंच म्हणत होते. ऑपरेशनमुळे उपाशी आहेत, पाणी कमी पडलं असेल, असं म्हणून एकामागोमाग तीन बाटल्या दिल्या. पहाटे बाबा उठून बसले आणि झोपेचनात. आडवं केलं की जीव घाबरायचा, श्वासाबरोबर छातीत बुडबुडे वाजायचे. तेव्हा ईसीजी काढला, तर हृदयाचा झटका. अशक्त हृदयावर तीन बाटल्यांचं पाणी, ते फुप्फुसात उतरलं होतं. तिथून दुसरीकडे हलवलं, चार दिवस आयसीयू. आज आठ महिने झाले, घरी आहेत, अंगणात फिरतात. पण पहिल्या बाटलीनंतर कुणी थांबून "का उतरलं?" एवढा प्रश्न विचारला असता तर ते चार दिवस वाट्याला आले नसते.


रानवारा | बुधवार, सकाळी १०:०५

पारवा, हे मला माहीत नव्हतं. माझं वरचं बोलणं मागे घेतो. बाबांना आराम पडो.


भूलतज्ज्ञ_सोलापूर | बुधवार, दुपारी ३:४०

पारवा यांनी जे लिहिलंय ते दुर्मीळ नाही. ऑपरेशननंतर पहिल्या दोनतीन दिवसांत हृदयाला जी इजा होते, ती बहुतेकदा छातीत दुखल्याशिवाय होते. दुखण्याची औषधं चालू असतात, मधुमेहात संवेदना बोथट झालेल्या असतात. म्हणून वयस्क किंवा मधुमेही पेशंटचं बीपी कारणाशिवाय उतरलं की ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आम्ही मुद्दाम करतो.

सलाईन देण्याची पद्धतही नीट समजून घ्या. २५० मिली दहापंधरा मिनिटांत द्यायचं, बाजूला उभं राहायचं आणि काय फरक पडला ते बघायचं. उपयोग झाला तर गरजेप्रमाणे आणखी. फुप्फुसात आवाज येतोय का, ऑक्सिजन उतरतोय का, हे प्रत्येक वेळी तपासायचं. दोनतीन वेळा देऊनही दाब टिकत नसेल तर आणखी पाणी ओतणं थांबवून कारणाकडे वळायचं. आईंच्या बाबतीत दाब वर गेला आणि परत पडला, म्हणजे भांडं गळत होतं. त्यांना पाणी नको होतं, रक्त हवं होतं.

काही वेळा वाहिन्या आवळणारं औषध द्यावं लागतं. भुलीच्या वेळी आम्ही मेफेन्टरमाइन किंवा फिनाइलेफ्रिनची छोटी इंजेक्शनं देतो, आयसीयूत नॉरॲड्रेनलिन पंपावर थेंबाथेंबाने. त्याने मेंदू, मूत्रपिंड सांभाळली जातात आणि आम्हाला शोध घ्यायला वेळ मिळतो. पण औषधाने आकडा ११० वर आला म्हणजे रक्तस्राव थांबला असं नव्हे, हे नातेवाइकांनाही माहीत असावं.

आता ताई, तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही गोळ्या दिल्यात ही चूक नव्हती.

मेटोप्रोलॉल रोज घेणाऱ्याने ऑपरेशनच्या सकाळीही घ्यावी, असंच आम्ही सहसा सांगतो, कारण अचानक तोडली तर हृदय बिथरतं. नवीन माणसाला मात्र ती ऑपरेशनच्या दिवशी सुरू करायची नसते. २००८ मध्ये पॉईज नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आठ हजारांवर पेशंट होते. ऑपरेशनच्या वेळी मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांत हृदयाचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले, आणि त्यात उतरलेल्या बीपीचा मोठा वाटा होता. तो अभ्यास आमच्या पिढीने फार मनावर घेतला.

टेल्मिसार्टनची गोष्ट वेगळी. ही आणि रामिप्रिल, एनालाप्रिल या घराण्यातल्या गोळ्या बरेच भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीपासून थांबवायला सांगतात, मीही सांगतो. तिचा अंमल दिवसभर टिकतो आणि ती असताना पडलेलं बीपी वर आणायला जरा जड जातं. पण २०२४ साली फ्रान्समधल्या दोन हजारांहून अधिक पेशंटचा अभ्यास आला. गोळ्या चालू ठेवलेल्यांचं बीपी टेबलावर जास्त वेळा उतरलं, मात्र पुढच्या मोठ्या गुंतागुंतीत फरक दिसला नाही. म्हणजे गोळीने त्या रात्रीची चढण थोडी अवघड केली असेल, पण मांडीत रक्त साचलं ते मोडलेल्या हाडामुळे. कोणती गोळी द्यायची हे स्पष्ट लिहून देणं आमचं काम असतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, याचा भार तुम्ही घेऊ नका.


कृष्णाकाठ | बुधवार, सायंकाळी ६:२०

डॉक्टर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, मी तेच सांगत होते." पाच दिवसांनी मनावरचा दगड उतरला. खूप खूप आभार.


वॉर्ड_सिस्टर | बुधवार, रात्री १०:४०

मी सर्जिकल वॉर्डात १४ वर्षं नर्स आहे, आजही रात्रपाळीच आहे. ड्यूटीवर निघायच्या आधी लिहितेय.

कृष्णाकाठताई, तुमच्या त्या सिस्टरची बाजू घेत नाही, पण रात्री तीस पेशंटमागे दोघी असतो. त्या वेळी नातेवाईक नेमकं सांगतात तेव्हा आम्हाला फार मदत होते. "पेशंट कसासाच करतोय" यापेक्षा "नेहमीचं १४८, आता ९२, तीन तासांत २० मिली लघवी, पाय गार" हे ऐकलं की मीही डॉक्टरांना फोनवर तेच चार आकडे सांगते. आकडे सांगितले की डॉक्टर येतात, हा माझा अनुभव.

कमी बीपी दिसलं की मी काय करते ते सांगते. आधी मशीनवर विश्वास न ठेवता पुन्हा घेते. पेशंट कुशीवर असेल आणि कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) वरच्या दंडावर असेल तर आकडा उगाच कमी येतो, कारण तो हात हृदयाच्या वर गेलेला असतो. दंड दहा सेंटीमीटर वर असला तर सात-आठ पॉइंट कमी दिसतात. बारीक आजीला जाड माणसाचा मोठा कफ लावला तरी कमी येतो. लहान कफ लावला तर उलट जास्त दाखवतो, म्हणजे खरं लो झाकलं जातं, ते जास्त वाईट. मग उताणं निजवून, हात अंगाजवळ ठेवून, हाताच्या यंत्राने स्टेथोस्कोप लावून घेते.

त्यानंतर लघवीची नळी. पिशवी रिकामी दिसली की आधी नळी मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का ते बघायचं. कित्येकदा नळी सरळ केली की भळकन ३०० मिली येते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नळी मोकळी असूनही येत नसेल तर मग ते खरं. वजनाच्या किलोमागे तासाला अर्धा मिली एवढी लघवी व्हायला हवी, म्हणजे ५० किलोच्या माणसाला तासाला २५. पिशवीवरच्या रेघा मोघम असतात, म्हणून पिशवी सरळ टांगलेली असताना, दर वेळी एकाच बाजूने वाचायची.

आणि पाठीखाली हात घालून बघायचं. रक्त उताराकडे जातं. वरून पट्टी पांढरीशुभ्र आणि कमरेखालची चादर ओली, असं मी अनेकदा पाहिलंय. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली किती वेळात किती भरली, रंग पातळ गुलाबी आहे की लालभडक, तेही.

एक विनंती. बीपी कमी म्हटलं की काही नातेवाईक गुपचूप मीठ-साखरेचं पाणी, कॉफी पाजतात. तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलेलं असताना ते देऊ नका. उलटी झाली तर छातीत जातं, आणि पुन्हा ऑपरेशनला घ्यायची वेळ आली तर पोट भरलेलं असतं. ओल्या कापसाने ओठ पुसा, तेवढं चालतं.


लीड्सकर | गुरुवार, दुपारी १:००

इकडे ब्रिटनमध्ये वॉर्डात न्यूज-२ नावाचा तक्ता वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पहिला काढला, २०१७ मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांना गुण देतात. वरचं बीपी ९१ ते १००, दोन गुण. ९० किंवा खाली, तीन गुण. नव्याने गुंगी किंवा गोंधळ, तीन गुण. एकूण ५ झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. कृष्णाकाठ यांच्या आईचे १ वाजता बीपीचे दोन आणि गुंगीचे तीन, तिथेच ५ झाले असते.

पण भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन्ही गोष्टी हा तक्ता ओळखत नाही. १४८ वाल्याला आणि ११० वाल्याला सारखेच गुण, आणि नाडी ७४ ला शून्य. लघवीला तर त्यात गुणच नाहीत. मी इथे वॉर्डात काम करतो, म्हणून सांगतो: तक्ता चांगला आहे, पण "या बाई नेहमीसारख्या वाटत नाहीत" हे मुलीचं वाक्य आम्ही त्याच्या बरोबरीने मोजतो.


जास्वंदी | गुरुवार, रात्री ८:३०

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सासूबाईंचं आतड्याचं तातडीचं ऑपरेशन झालं. बीपी ८० च्या वर येईचना. सलाईन झालं, नॉरॲड्रेनलिन लावलं, डोस वाढवत नेला, रक्त गेलेलं नाही, हृदय चांगलं, साखर मात्र सारखी उतरतेय. दुसऱ्या दिवशी फिजिशियन आले. त्यांनी सासूबाईंचा गोल सुजल्यासारखा चेहरा बघितला, हातांवरची कागदासारखी पातळ कातडी आणि जांभळे डाग बघितले आणि आम्हाला विचारलं, "सांधेदुखीला काही घेत होत्या का?"

घेत होत्या. सहा वर्षं. बाजारच्या दिवशी एक जण देतो त्या पांढऱ्या पुड्या. "जडीबुटी आहे, अपाय नाही" म्हणून आम्ही कुणी ते औषध मानलंच नव्हतं, म्हणून ॲडमिट करताना सांगितलंही नाही. डॉक्टर म्हणाले, बहुतेक त्यात स्टेरॉइड असणार. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत पंपावरचं औषध निम्म्यावर आलं. देवघरातल्या डब्यात उरलेल्या अकरा पुड्या मी स्वतः नेऊन डॉक्टरांना दाखवल्या.


भूलतज्ज्ञ_सोलापूर | गुरुवार, रात्री ९:५५

जास्वंदीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून वर्षानुवर्षं मिळत राहिलं की त्या काम सोडून देतात. ऑपरेशनच्या ताणात शरीराला जास्त स्टेरॉइड लागतं आणि तिथेच ते मिळत नाही, मग सलाईन आणि वाहिन्या आवळणारी औषधं दोन्ही तोकडी पडतात. दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचेसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, आणि कसलीही "पुडी" घेणाऱ्यांनी, भूल देण्याआधी आम्हाला नक्की सांगावं. आम्ही रागावणार नाही. आधी कळलं तर एका इंजेक्शनचं काम असतं.


गुलबक्षी | शुक्रवार, सकाळी ११:१०

वहिनीच्या सिझेरियनच्या वेळी उलटं झालं. बीपी ११०/७०, सगळे निश्चिंत. पण नाडी १२८ आणि ती "मला कसंतरी होतंय, खिडकी उघडा" म्हणत होती. सिस्टरने पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ, आवळलंच नव्हतं, आणि खाली रक्त साचलेलं. तिने तिथेच पोट चोळायला सुरुवात केली, डॉक्टर धावत आल्या. बीपी चांगलं असूनही असं कसं?


भूलतज्ज्ञ_सोलापूर | शुक्रवार, दुपारी २:३०

तरुण बाईचं शरीर वाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून बीपी फार वेळ धरून ठेवतं. मोघम हिशेब सांगतो. किलोमागे ७० मिली रक्त धरलं तर ५० किलोच्या बाईत साडेतीन लिटर. त्यातलं साधारण तीस टक्के, म्हणजे लिटरभर जाईपर्यंत वरचा आकडा नॉर्मल राहू शकतो. आणि मग एकदम कोसळतो. बाळंतिणीत तर नाडीलाच आधी विचारायचं. तुमच्या सिस्टरचा हात योग्य जागी गेला.


माणदेशी | शनिवार, सकाळी ८:२०

वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. झोपून बीपी १३०, पण वॉकरने उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काल तर फिजिओच्या अंगावरच कलंडले. लघवीच्या त्रासासाठी रात्री टॅमसुलोसिन घेतात. मीठ-लिंबू सरबत द्यावं का?


वॉर्ड_सिस्टर | शनिवार, सकाळी ८:५०

दादा, आधी झोपून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. दोघांनी धरून, पाठीमागे खुर्ची ठेवून. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना आजच दाखवा. उठवताना घाई करू नका. खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसू द्या, तेवढ्यात पावलं वर-खाली वीसतीस वेळा हलवायला सांगा, मग उभं करा. सरबत डॉक्टरांना विचारून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ नको.


भूलतज्ज्ञ_सोलापूर | शनिवार, दुपारी १२:१५

सिस्टरनी बरोबर सांगितलंय. भर एवढीच की टॅमसुलोसिनने उभं राहताना बीपी उतरू शकतं, त्याबद्दल सर्जनना विचारा, स्वतः बंद करू नका. हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्यायला सांगा, गुडघ्याच्या ऑपरेशनमध्येही बरंच रक्त आत मुरतं. चक्कर बसल्यावर जात नसेल, धाप लागत असेल, एकाच पायाची पोटरी सुजली असेल, शौच काळी होत असेल किंवा थंडी वाजून ताप असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या. ताप आणि उतरलेलं बीपी एकत्र आलं की जखमेत, पोटात, लघवीत, छातीत कुठे जंतू शिरलेत का हे त्याच दिवशी शोधावं लागतं.


माणदेशी | रविवार, सायंकाळी ७:००

झोपून १३२/७८, उभं राहून तीन मिनिटांनी १०४/६६. काल संध्याकाळीच दाखवलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, बाकी रिपोर्ट चांगले. लघवीची गोळी काही दिवस थांबवलीय, लोहाचं इंजेक्शन दिलं. आज कडेला बसवून पाय हलवून मग उठवलं, दारापर्यंत चालत गेले. सिस्टर, डॉक्टर, दोघांचेही उपकार.


कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी १०:३०

तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांवरून काकांसाठी एक कागद तयार केला. फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवणार आहे. मजकूर असा आहे:

"नेहमीचं बीपी: १३६/८४ (पाच वेळा मोजलेलं). रोजच्या गोळ्या: अम्लोडिपिन ५, रात्री. शेवटची कधी घेतली: ____. ऑपरेशनच्या सकाळी कोणती घ्यायची, कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांनी लिहून द्यावं: ____. स्टेरॉइड किंवा पुडी: नाही, पण दोन वर्षांपूर्वी दम्यासाठी पंधरा दिवस गोळ्या. ॲलर्जी: सल्फा. हृदय, मूत्रपिंड: त्रास नाही. वजन ६२, म्हणजे लघवी तासाला निदान ३१ मिली. रात्री सोबत: पुतणी."

अम्लोडिपिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारेनच. यात काही राहिलं असेल तर सांगा.

आईचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातून सोडताना तिची टेल्मिसार्टन थांबवली होती, मेटोप्रोलॉल निम्मी केली होती. मी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहीत होते. परवा फिजिशियननी ती वही उघडून सगळे आकडे बघितले, सलग चार दिवस १४० च्या वर होतं, म्हणून टेल्मिसार्टन निम्म्या डोसने परत सुरू केली, आणि आठ दिवसांनी मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगितली. आज सकाळी १३८/७६. मांडीची सूज बरीच उतरलीय. दुपारी टाके काढायला निघतोय, आईने कालपासून नऊवारी काढून ठेवलीय.


वॉर्ड_सिस्टर | बुधवार, सकाळी १०:४५

कागदावर रक्तगटही लिहा. आणि नऊवारी आज नको, टाके काढायला गाऊनच बरा. नऊवारी घरी आल्यावर.